जिभेला चिकटलेले हाड

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, निवृत्त उत्खनन अधिकारी, माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहीत आहे. टंकलेखकाला दिली नाही, कारण टंकलेखकांच्या पोटात काही राहत नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. न वाचताच दिला असावा अशी शंका आल्याने मी तो त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणारे आहेत, त्यांचा समाचार पुढे घेतो.

१. राहते घर, दोन खोल्या व मागचा व्हरांडा, तसेच बँकेतील सर्व ठेवी, सोबतच्या पुरवणीत जिचे नाव व पत्ता दिला आहे त्या व्यक्तीस द्याव्यात. ही व्यक्ती मला बेचाळीस वर्षे बाबा म्हणते. तरीही ‘मुलगी’ हा शब्द कागदावर आणू नका, असा वकिलांचा सल्ला आहे. ती माझ्या रक्ताची नाही, दत्तकाचा कागद नाही, आणि मुलगी म्हटले की सिद्ध करा म्हणणारा कोणीतरी उभा राहतोच. घर माझ्या कमाईचे आहे. नुसती ‘व्यक्ती’ म्हणून दिले, तर कोणाच्या बापाला ते मोडता येणार नाही. यातले काहीही तिला माहीत नाही.

२. तो ‘कोणीतरी’ म्हणजे माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी तो घरातल्या प्रत्येकासाठी एकेक नळी घेऊन आला. “यात थुंकायचं, दादा. आपले पूर्वज कुठून आले ते कळतं. गंमत!” ज्याने सख्ख्या आईची कधी विचारपूस केली नाही, त्याला एकदम दहा हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजांचा उमाळा आला. पाणी कुठे मुरतेय ते मी ओळखले आणि तोंड आल्याचे सांगितले. तेव्हापासून तो आला की माझा कप मी स्वतः विसळतो आणि कंगवा कुलपात ठेवतो. त्याला वडिलांचा लोकरी कोट द्यावा. खिसे मी तपासले आहेत, रिकामे आहेत.

३. माझी करणी, कुंचले आणि तीन चाळण्या प्रयोगशाळेच्या साहेबांना द्याव्यात. त्यांनी जन्मात माती उकरलेली नाही. दाताला भोक पाडून चिमूटभर भुकटी काढतात आणि तिच्यावरून मेलेल्याचे कूळ सांगतात. एकदा उन्हात गुडघ्यांवर बसून पाहावे, एवढाच हेतू.

४. तिसऱ्या कबरीबद्दल. बेचाळीस वर्षांपूर्वी ती मी उघडली. आत एक पुरुष आणि एक लहान मूल होते, मुलाचे डोके पुरुषाच्या दंडावर. मी अहवालात ‘बाप-लेक’ लिहिले आणि संग्रहालयात आजही तीच पाटी आहे. त्या काळी हाड की खडा हे ठरवायला तुकडा जिभेला लावत. हाड चिकटते, खडा चिकटत नाही. त्या कबरीतला एकूण एक तुकडा मी जिभेला लावलेला आहे. भुकटीचा निकाल काहीही लागो, पाटी बदलू नये. मुलाच्या डोक्याखालचा तो हात मी पाहिला आहे, साहेबांनी नाही.

५. आता अडचण अशी की पुरवणीतली व्यक्ती त्याच प्रयोगशाळेत काम करते आणि सहा वर्षे याच कबरीवर खपते आहे. तिचा निकाल सांगतो की पुरुष आणि मूल एकमेकांचे कोणी नव्हते. पण पुरुषाच्या हाडात सापडलेला डीएनए त्याचाच, की माझ्या लाळेतला, हे कळायला माझा नमुना हवा. तो मिळेपर्यंत तिचे काम छापले जाणार नाही. हाडे हाताळलेल्या सगळ्यांचे नमुने एकाच नोंदवहीत जातात आणि एकमेकांशी ताडून पाहतात. तिचा त्यात आधीच आहे. माझा गेला की बाप-लेकीचे काय ते यंत्रच सांगेल.

तीनदा ती कापसाची काडी घेऊन आली. “बाबा, तोंड उघडा ना. दोन सेकंदांचं काम.”

“त्या नळीवाल्यांचा मला भरवसा नाही.”

“अहो, नळीवाली मीच आहे!”

हाडे चाटल्याची मला लाज वाटते, असे तिला वाटत असावे. वाटू दिले.

६. ती आली कशी ते लिहून ठेवतो. माती चाळणारी एक बाई, ती कबर उघडली त्याच मोसमात, तापाने गेली. मागे दीड वर्षाची पोर राहिली. तिला शोधत कोणी आले नाही. आम्हीही कोणाला शोधले नाही, हे जास्त खरे. बदली झाली, नव्या गावात कोणी विचारले नाही, शाळेच्या अर्जावर मी माझे नाव घातले. बायको शेवटपर्यंत म्हणत होती, “सांगून टाका, दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.” मी भ्यालो. आजही भितो.

७. <s>म्हणून माझ्या मृत्यूनंतर, दहनापूर्वी, माझा एक दात काढून प्रयोगशाळेस द्यावा व त्याच दिवशी हे पत्र तिला वाचायला द्यावे.</s>

८. कलम ७ मी खोडले आहे. साक्षीदारांनी खाडाखोडीवर सही करावी. डॉक्टर सहीला आले, कलम वाचले आणि म्हणाले, “मेल्यावर सांगणार? मग तिने भांडायचं कोणाशी?” मी तिथेच कलमावर रेघ मारली. तिला बोलावून घेतले. मागच्या व्हरांड्यात बसून तिने सगळे वाचले. पाऊण तास लागला. मी दोनदा डोकावलो, तिने मान वर केली नाही.

मग आत आली. डोळे लाल. “सहा वर्षं, बाबा! सहा वर्षं तुम्ही मला वाटू दिलंत की माझ्या कामावर तुमचा विश्वास नाही!” भावालाही ऐकू जाईल इतकी ओरडली. पाणी प्यायली. पिशवीतून हातमोजे काढून घातले.

“तोंड उघडा. आणि रडू नका, नमुन्यात पाणी उतरतं.”

काडी फिरवली, नळीत घातली, बूच लावले. सोबत फॉर्म होता. ‘नमुना घेणाऱ्याचे देणाऱ्याशी नाते’ असा त्यात रकाना असतो. तिने तो भरला आणि पिशवीत टाकायला लागली, तेव्हा मी हात धरला आणि फॉर्म मागून घेतला. ‘मुलगी’ असे लिहिले आहे. अक्षर तिचेच आहे, मी तपासले.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : चौदा, सोमवार, दुपारी साडेचार
सही : (लिहिणाऱ्याची)
साक्षीदार पहिला : डॉक्टर. सर्व कलमे वाचून, या खेपेस मनातल्या मनात.
साक्षीदार दुसरा : समोरचा शिंपी. खाडाखोड पाहिली.