वाक्याच्या शेवटी ‘की’

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार
ह्यांचं तेरावं झालं. पाहुणे गेले. घर फार शांत! तीस वर्षं मी म्हणत आले — जरा हळू बोला, शेजारी ऐकतात. आता हळूसुद्धा कोणी बोलत नाही.

२० फेब्रुवारी
तालीम मंडळाच्या फुटबॉल टीमचा कप्तान काशिफ येऊन गेला. ९ मार्चला ह्यांच्या नावानं सामना ठेवलाय. सुरू व्हायच्या आधी ह्यांचा आवाज भोंग्यावर लावायचा म्हणतो. “काकी, जोतीकाकांचं एखादं रेकॉर्डिंग असंल की घरात!”
मी नाही म्हणाले. खोटं बोलले. एक आहे.

२१ फेब्रुवारी
ह्यांनी आठवडाभर उचगावच्या फौंड्रीत साचे भरायचे आणि रविवारी स्टेडियमवर कॉमेंट्रीचा माईक धरायचा. बावीस वर्षं! गोलकीपरच्या हातून चेंडू सुटला की, “आरं, हात हायत का झारं!” कोणी मध्येच उभं राहिलं तर, “ओ पावणं, बसा की! तुमी काय काचंचं न्हाईसा!” आणि गोल झाल्यावर — “घुसलाऽऽ की!” मागून सगळी गॅलरी ओरडायची, “की!”
हे सगळं मला लोकांकडून कळायचं. मी कधी गेले नाही. लाज वाटायची. आज लिहून टाकते — लाजच.

दोन वर्षांपूर्वी एका चॅनेलनं ह्यांना बोलावलं. मोबाईलवर सामने दाखवणार होते. एक सामना बोलून दाखवा, जमलं तर पूर्ण मोसम तुमचा. भाषेचं त्यांनी नावही काढलं नव्हतं. मीच म्हणाले, “बाहेरगावची माणसं ऐकणार. हाय-न्हाय चालायचं नाही.” शाळेत शिकवणारी ना मी! दोन दिवस बसून पुठ्ठ्यावर वाक्यं लिहून दिली. वाक्याच्या शेवटी ‘की’ लावायचं नाही — याच्याखाली लाल रेघ.

२३ फेब्रुवारी, रविवार
चॅनेलच्या त्या सामन्याला मात्र मी गेले होते. दहाव्या मिनिटाला गोल झाला. हे पुठ्ठ्यात बघून म्हणाले, “गोल झाला आहे.”
गॅलरी गप्प. मग वरून कोणीतरी ओरडलं, “जोत्या, गोल झालाय का मयत?”
हसू आवरेना लोकांना. ह्यांनी पुठ्ठा सोडला नाही. शेवटपर्यंत ‘आहे’, ‘नाही’, ‘होय’.
चॅनेलनं परत बोलावलं नाही. पुढच्या रविवारी हे म्हणाले, घसा बसलाय. त्यानंतर माईक धरलाच नाही. मी काही विचारलं नाही. जेवायला वाढत राहिले.

२७ फेब्रुवारी
कपाटात पुठ्ठा सापडला. तालमीच्या जर्सीच्या घडीत. फाडून का नाही टाकला?

४ मार्च
काशिफ पुन्हा आला. लोकांच्या मोबाईलमध्ये नुसता गोंगाट, काकांचा आवाज कुठंच धड नाही. शेवटी खरं सांगितलं. माझ्याकडं आहे, पण चॅनेलच्या त्या सामन्याचं.
“ते नको, काकी. ते काका न्हाईतच.”
बरोबर बोलला. जाताना म्हणाला, चॅनेलातल्या मोनाला विचारतो, तिच्याकडं सगळं असंल.

८ मार्च, शनिवार
मोना आली. रेकॉर्डिंग त्याच सामन्याचं आहे म्हणाली, पण मध्यंतरातलं. तेव्हा जाहिराती चालू होत्या आणि ह्यांचा माईक बंद करायचा राहिला होता. अर्धं मिनिट आहे. “मी ऐकलंय काकू. तुम्ही एकदा ऐका.”
मला धीर होईना. माझ्याबद्दल काही बोलले असतील तर? मग म्हटलं, असू दे. बोलण्यासारखंच केलंय मी. उद्या सामन्याआधी लावा, मी म्हणाले. तिथंच ऐकते, सगळ्यांच्यात.

९ मार्च, रविवार
भोंग्यावर आधी दुसराच कोणीतरी — “जोतीदा, टाक तो पुठ्ठा! इज्जत चाललीया.”
मग हे. खणखणीत. “गप रं! बाईनं दोन दिस बसून लिवलंय. माज्यासाठनं जल्मात कुणी एक ओळ लिवली न्हाय. हसू देत काय हसायचं ती. आज तिजंच बोलणार की!”
सगळी गॅलरी उठून ओरडली, “की!”
मीही. मोठ्यानं.