आंजीची गाडी

बाबा, तुमच्या नातीचं लग्न झालं, आणि मी तिचं नाव माझ्या रेशनकार्डावरून कमी केलेलं नाही. करणारही नाही. जावई दोनदा दाखला मागून गेले, विहीणबाईंचा फोन येऊन गेला, रेशन दुकानदारानंही समजावलं की इथलं नाव कमी झाल्याशिवाय ते सासरी चढत नाही. मी सगळ्यांना म्हटलं, हा नियम मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिच्या वाटचा गहू-तांदूळ मी दर महिन्याला पोचता करीन. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "राहू दे आई, असू दे इथंच." जगाला मी गप्प करीन. तुमच्याशी मात्र एकदा भांडायचं राहून गेलंय.

माझं नाव तुम्ही किती घाईनं कमी केलं होतं, आठवतं? अंगावरची हळद उतरली नव्हती. मळ्यातली वांगी तोडायची सोडून तुम्ही सकाळीच वर्ध्याला तहसिलीत गेलात. आठवड्याभरात दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या सासरी हजर. सासऱ्यांच्या हातात देत म्हणालात, "आता पोरगी तुमची. आमच्याकडलं समदं मोकळं केलं." चेहरा असा, जसं काही काशीला जाऊन आलात. सासऱ्यांनी तो कागद कपाटावर टाकला. आज चढवू, उद्या चढवू करत सात वर्षं गेली, सासरे गेले, मग नवराही गेला. त्याला महिना होतो न होतो तोच एक दिवस मी बाजारातून परतले, तर दाराला दिराचं कुलूप. ओट्यावर माझी पिशवी, आणि पिशवीवर बसलेली माझी सहा वर्षांची पोर. पोलीस चौकीत गेले, तर त्यांनी विचारलं, तू या घरची, याला कागद काय? कागद नव्हता. मी माहेरून उतरलेली आणि सासरी न चढलेली बाई होते.

मग मी तुमच्याकडे आंजीला आले. तुम्ही रागावला नाहीत, हेच मला जास्त लागलं. चुलीपुढं बसून पोरीला स्वतःच्या हातानं वरणभात कालवून दिलात. मला म्हणालात, "पोरगी पाव्हनी असते, माय. लोक काय म्हन्तीन? सकाळच्या गाडीनं जाय. दिराच्या पाया पड, घेईन तो घरात." सकाळी गाडीपर्यंत पोचवायला आलात आणि कोवळी वांगी पिशवीभर माझ्या मांडीवर ठेवलीत. बाबा, चूल नसलेल्या बाईला पाच किलो वांगी!

आर्वीला गाडी बदलायची होती. मी बदलली नाही. मला कुणाच्या पाया पडायचं नव्हतं. डेपोसमोरच्या खानावळवालीला वांगी देऊन दोन ताटं जेवण घेतलं, आणि पुढचे तेरा दिवस आम्ही मायलेकी त्या स्टँडवर राहिलो. नळावर तोंड धुवायचं, पोरीची वेणी घट्ट घालायची, रोज बाक बदलायचा. वेणी विस्कटली की लोक ओळखतात, हे मी दुसऱ्याच दिवशी शिकले. कुणी विचारलं, कुठं जायचं, तर तोंडातून एकच नाव निघायचं, आंजी. लाज वाटायची, तरी तेच निघायचं. शेवटी खानावळवालीच रस्ता ओलांडून आली. "रोज आंजीले जातो म्हन्तेस, अन् गाडी लागली का तोंड फिरवून बसतेस. काऊन वो?" तिनं पोरीकडं पाहिलं. "पोळ्या लाटता येतात का? चाल मंग. रडाचं असन तं लाटता लाटता रड." बटाट्याच्या पोत्यांच्या खोलीत तिनं आम्हाला जागा दिली आणि पहिल्याच दिवशी पोळी जाड झाली म्हणून चांगलं फटकारलं. मला तेच बरं वाटलं. पाहुणीला कुणी फटकारत नाही.

तुम्ही गेल्याचं मला आर्वीच्या बाजारात आंजीच्या एका भाजीवालीकडून कळलं. तेरवीला मी आले नाही. मुद्दाम आले नाही. पुढं भाड्याची खोली बघितली, तर मालकानं कार्ड मागितलं, आणि कार्डासाठी साहेबानं तुमचा तो दाखला मागितला. नक्कल मिळवायला मला वर्ध्याला चार खेपा घालाव्या लागल्या. कार्ड हातात आलं, त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव आणि खाली लेकीचं. आज खानावळ मीच चालवते, म्हातारी गल्ल्यावर बसून अजून माझ्या पोळ्यांना नावं ठेवते. लोक काय म्हणतील म्हणालात ना? तेरा दिवसांत हजार लोकांनी आम्हाला पाहिलं, बाबा. घरी चल म्हणायला एकटी हीच आली.

तर लेकीचं नाव राहील. जावई चांगले आहेत. माझा नवराही चांगलाच होता. चांगला माणूस गेल्यावर दार कुणाचं, एवढंच मी विचारते आहे, आणि तुम्ही दिलं होतं त्याहून वेगळं उत्तर देते आहे.

हे पत्र कुठं टाकायचं, ते काही मला माहीत नाही. पिठाच्या डब्याखाली घालीन. फक्त एक सांगायचं राहिलं. पाठवणीच्या दिवशी लेकीनं विचारलं, "आई, आंजीची गाडी लागली का मी तुझा पदर ओढत होती. आपण बसलो काऊन नाई?" पंधरा वर्षं सांगत आले तेच मी तिला पुन्हा सांगितलं, की गाडी भरलेली असायची. गाडी रिकामी असायची, बाबा. पण वरणभात कालवून देणारे आजोबा तिला अजून आठवतात.