दगडावरचं नाव

सारजाच्या बापाला शिरसाष्टांग नमस्कार.

तिकडं दूर मुलखात कोळशाची खाण कोसळून आपल्या गावची माणसं गेली, त्यात तुमी गेलात. त्याला काल वरीस झालं. पिशोरच्या बाजारात मंत्र्यानं तुमच्या आठवणीचा दगड उघडला. त्यावर 'शहीद कामगार' एवढंच लिवलेलं. नाव एकाचंबी नाय. मला लई राग आला. तुमचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं, लग्नातबी लाजून पळाले होते. काल माईक धरला आन् उखाणा घेतला:

"काळा कोळसा चुलीत होतो लाल,
कडूबारावांचं नाव घेते, मंत्रीसाहेब, दगडावर कधी कोराल?"

सारा बाजार हसला. मग एकेक बाई उठून धन्याचं नाव घ्यायला लागली. मंत्री शेवटपर्यंत बसला आन् नावं कोरायला सांगूनच गेला. सारजा अजून हसतेय.

हे पत्र कुठं धाडू? तरी पाकिटावर तुमचं नाव लिवलंय, पुरं.

तुमची,
बानाबाई