डावीकडचा खालचा कोपरा

६ जानेवारी. सकाळी ९.

यंदाचे संकल्प. एक, रागवायचं नाही. दोन, मूर्खांना पत्रं लिहायची नाहीत. तीन, अलिदाला 'मिठाचं घर' दाखवायचा.

तिसरा सगळ्यांत मोठा. कालच जाहीर झालं. दिग्दर्शक ब्रोडर्सनचे सातही सिनेमे, 'मिठाचं घर' धरून, दहा डिस्क, कापडी बांधणीची पेटी, दोनशे पानांचं पुस्तक. फक्त पंधराशे प्रती, प्रत्येकीवर क्रमांक. एक मार्चला निघणार. घोषणेनंतर चार मिनिटांत माझी ऑर्डर गेली होती. क्रमांक ४१७. आधीचे चारशे सोळा लोक बहुधा बेकार असावेत.

अलिदाचा डावा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. पडद्याच्या मधल्या भागाची झीज. उजव्यात दर महिन्याला इंजेक्शन घेते. डॉक्टर म्हणतात, टिकेल तितके दिवस टिकेल. डोळा पुरता जायच्या आत तिला 'मिठाचं घर' एकदा पाहायचाय. बस, एवढंच मागणं आहे तिचं. आणि ते मी पुरं करणार.

११ वाजता. अलिदाचा फोन. आमच्या फिल्म क्लबातल्या फिर्मिनकडे त्याची कॅसेट आहे म्हणे, सत्याऐंशी साली टीव्हीवरून उतरवलेली, येत्या रविवारीच पाहू या. मी साफ नाही म्हटलं. ती कॅसेट मी एकदा पाच मिनिटं पाहून बंद केली होती, त्यात सिनेमातल्या बाईचा मोहरी-पिवळा कोट शिळ्या कलेजीच्या रंगाचा दिसतो. शेवटचा सिनेमा म्हणून तिनं कलेजी पाहायची? मैत्रीण म्हणून माझं काही कर्तव्य आहे.

१४ जानेवारी, रविवार.

फिल्म क्लबची बैठक. चर्चच्या हॉलमध्ये आम्ही सहा जण. अध्यक्ष मी. नव्यांसाठी (नवं कोणी नव्हतं) जुनी हकिगत पुन्हा सांगितली. १९६९. आम्ही सतरा वर्षांच्या. चर्चच्या दारावर सिनेमांची यादी लागायची, 'मिठाचं घर'पुढे शेरा होता: सर्वांनी टाळावा. त्यामुळे कुठे जायचं ते आम्हाला कळलं. रविवारी दुपारी तीनचा खेळ. पाचच्या प्रार्थनेला कॉन्व्हेंटमध्ये परत हजर व्हायचं होतं. मी हजर होते. अलिदा नव्हती. सिस्टर ओडिलियानं विचारलं, ती कुठे आहे, तर मी खरं सांगितलं. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. अलिदाला तीन रविवार स्वयंपाकघरात बटाटे सोलावे लागले. आजही ती हकिगत निघाली की ती हसते. म्हणजे मनात काही नाही.

नंतर शेवटच्या दृश्यावर माझं व्याख्यान. मिठागरावरून बाई चालत जाते आणि अगदी शेवटी मागे वळून पाहते. त्या वळण्यात सगळी क्षमा आहे. हे व्याख्यान मी आजवर अकरा गावांत दिलंय. अलिदा नेहमीसारखी खिडकीतून बाहेर बघत होती.

फिर्मिन पूर्वी ट्राम चालवायचा. पनीरभरली पेस्ट्री तोंडात कोंबून म्हणाला, "मॅडम, कोटाचा रंग चुकला तर रडू येत नाही का?" अशा माणसाला काय समजवायचं?

२ फेब्रुवारी.

नवा नियम. कंपनीची वेबसाइट दिवसातून एकदाच बघायची.

दुपारी ४. आज अकरा वेळा. पण त्यातल्या पाच वेळा नुसतं पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहिलं, ते धरायचं नाही.

पेटीसाठी कपाटात जागा केली. नवऱ्याचा, मोरिसचा, फोटो खिडकीत हलवला. बिचारा गेला तेव्हा नोव्हेंबर होता, ऊन मिळालंच नाही त्याला.

२७ फेब्रुवारी.

कंपनीचा मेल. पुस्तकाच्या छपाईत चूक झाली, पेटी एप्रिलमध्ये मिळेल. चार पानी पत्र लिहिलं. संकल्प मोडला म्हणता येणार नाही, कारण हे मूर्ख नाहीत, हे नालायक आहेत.

अलिदाला कळवलं. म्हणाली, "तू एक पत्र माझ्या डोळ्यालाही लिही बाई. त्याला म्हणावं, एप्रिलपर्यंत थांब." विनोद करते आहे, म्हणजे तब्येत उत्तम.

१९ मार्च.

अलिदाकडे कॉफी. तिनं साखर म्हणून मीठ घातलं. मी पूर्ण कप प्यायले आणि मग सांगितलं, म्हणजे तिला वाईट वाटू नये. तरी तिला वाईट वाटलं.

पुन्हा कॅसेटचा विषय. "रेनिल्डा, मला चेहरे दिसताहेत तोवर पाहू दे गं. रंगाचं मी बघून घेईन." मी म्हटलं, तेच तर, चुकीचं बघून घेशील. ती उठून कप विसळायला लागली. पटलं.

परतताना फिर्मिनच्या घरी गेले आणि कॅसेट सुरक्षित ठेवण्यासाठी मागून घेतली. मोह नको. त्यानं ताबडतोब काढून दिली, वर म्हणाला, "घ्या मॅडम, तुमच्याकडे असलेली बरी." सुधारतोय. कॅसेट मोज्यांच्या खणात.

४ एप्रिल. दुपारी १.

आली!

४१७! स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. तीन किलो दोनशे ग्रॅम. कापड धुक्याच्या रंगाचं. वास नव्या प्रार्थनापुस्तकाचा. डोळ्यांत पाणी आलं. अलिदाच्या वाढदिवसाला आठ दिवस. सगळं जुळून आलं.

१.२०. डावीकडचा खालचा कोपरा चेपलाय.

१.४५. तांदळाच्या दाण्याएवढा. पण चेपलाय. बोट फिरवलं की लागतो.

२.१०. अलिदाला फोन. आली का, म्हणून ओरडलीच. मी म्हणाले, आली, पण परत चाललीय. सगळं सविस्तर सांगितलं. मग म्हणाली, "अगं, आतली डिस्क गोल असते. तिला कोपराच नसतो."

तिला मुद्दा कळला नाही. पंचावन्न वर्षं वाट पाहून चेपलेली वस्तू घ्यायची? मी हे स्वतःसाठी करते आहे का? माझं काय, मी घेतलीही असती. तिच्यासाठी करते आहे.

३.३०. पोस्ट बंद व्हायच्या आत पार्सल दिलं. बदली प्रत चार ते सहा आठवड्यांत. अलिदाचा फोन लागत नाही.

७ एप्रिल, रविवार.

विचित्र दिवस. अलिदानं कॉफीला नाही म्हटलं, डोकं दुखतंय. वेळ जावा म्हणून फिर्मिनला फोन केला. उचलला नाही. क्लबातल्या बाकी तिघांनीही नाही. सगळ्यांचं डोकं एकदम दुखतंय. हवा वाईट आहे.

१२ एप्रिल. अलिदाचा वाढदिवस.

पेटी नाही म्हणून पार्सल परत केल्याच्या पावतीची सुंदर रंगीत प्रत काढून, फीत बांधून दिली. अलिदानं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. मग फिर्मिनला विचारलं, "काय आहे रे हे?" तो म्हणाला, "पावती." सगळे हसले. अलिदा जास्तच हसली. मला आनंद झाला.

केक कापताना तिची फुंकर मेणबत्त्यांच्या बाजूनं गेली. मी मान कुठे धरायची ते दाखवलं. कुणीतरी मला स्वयंपाकघरात बश्या आणायला पाठवलं.

मी सिनेमाचा विषय काढला, थोडा धीर धर म्हटलं. ती म्हणाली, "मला आता घाई नाही." बघा. माणूस शेवटी समजूतदार होतो.

२३ एप्रिल.

अलिदाच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. सकाळी पाव कापताना. फिर्मिन तिला इस्पितळात घेऊन गेला, मी मागाहून ट्रामनं. डॉक्टर पस्तिशीची पोरगी. म्हणाली, मधलं सगळं गेलं, कडेचं तेवढं राहील. मी तिला स्पष्ट सांगितलं की मेच्या मध्यापर्यंत हा डोळा चालायलाच हवा, महत्त्वाचं काम आहे. तिनं पुढच्या पेशंटला हाक मारली. हल्लीच्या डॉक्टरांना कलेचा गंध नाही.

अलिदा माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुझा कान दिसतो गं, रेनिल्डा. चेहरा नाही. बरी दिसतेस."

तिला बजावलं, आता पेटी येईपर्यंत डोळ्यांना ताण द्यायचा नाही.

१७ मे.

आली. भिंग घेऊन चाळीस मिनिटं तपासली. चारही कोपरे निर्दोष. क्रमांक मात्र ११०२. त्याबद्दल पत्र लिहीन, पण सावकाश.

एक विचार आला: न फोडलेली प्रत पुढे दुर्मीळ होते. प्लास्टिक तसंच ठेवलं तर? तासभर विचार केला. नाही. वचन म्हणजे वचन. हा मोठेपणा कुणाच्या लक्षात येणार नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

१९ मे, रविवार. संध्याकाळी ८.

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

अलिदाकडे सगळा क्लब. माझा प्लेअर फिर्मिननं उचलून आणला. मी आधी पंचवीस मिनिटं बोलले, रंगाबद्दल, वळण्याबद्दल, क्षमेबद्दल. मग पेटी अलिदाच्या हातात दिली. तिनं बोटं फिरवली, एकेका टोकावर थांबत. म्हणाली, "वा. चारही शाबूत." मी म्हटलं, बघ, वाट पाहिल्याचं चीज झालं की नाही?

सिनेमा सुरू झाला. अलिदा पडद्याकडे न बघता भलतीकडे, दाराकडे तोंड करून बसली. मी तिची मान दोनदा सरळ केली. तिसऱ्यांदा फिर्मिननं माझा हात धरला. म्हणाला, "मॅडम, सरळ पाहिलं की तिला काहीच दिसत नाही. राहू द्या ना."

शेवटचं दृश्य. मिठागर, पांढरं फटक. बाई चालते आहे. मी हलकेच म्हणाले, आता वळेल. ती चालत राहिली. मी म्हणाले, आता. ती चालत राहिली. लहान होत, तिरपी, खाली डावीकडे.

अलिदा म्हणाली, "आता त्या कोपऱ्यातून जाईल बघ."

आणि ती गेली. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून. न वळता.

अलिदानं तोंडावर हात ठेवला. "दिसली! कोपऱ्यात आली तेव्हा दिसली मला! पिवळा आहे गं कोट, खरंच पिवळा आहे. कॅसेटमध्ये कलेजीसारखा होता."

कुठली कॅसेट, मी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. मोज्यांच्या खणात जी आहे ती १९८८ची सायकल शर्यत. खरी फिर्मिनकडेच होती. सात एप्रिलला, मी पेटी परत पाठवली त्याच्या तिसऱ्या दिवशी, सगळ्यांनी त्याच्या घरी बसून पाहिली. तेव्हा अलिदाला चेहरे दिसत होते. सगळे रडले म्हणे. पेस्ट्री होत्या.

मी म्हटलं, मला बोलावलं नाही? फिर्मिन म्हणाला, "तुम्ही त्या बाईला वळायला लावलं असतंत, मॅडम."

मी अलिदाला विचारलं, बाई वळत नाही हे तुला आठवत होतं?

ती म्हणाली, "कायमच. तू पावणेपाचला उठून गेलीस ना. बटाटे सोलताना बाकीच्या पोरींनी मला शेवट विचारला. सगळ्यांना सांगितला. तू तेवढी विचारायला आली नाहीस."

अकरा गावं, मी म्हटलं. आधी का नाही बोललीस?

"तू इतकं छान सांगायचीस. आणि सिस्टरनं मला विचारलं नव्हतं."

यावर सगळे इतके हसले की फिर्मिनला ठसका लागला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. निघाले. पेटी तिच्या मांडीवरच राहिली.

२० मे.

कंपनीला पत्र लिहायला घेतलं. महोदय, आपण नव्या प्रतीत सिनेमाचा शेवट बदलला आहे. मूळ सिनेमा मी १९६९ साली स्वतः

दुपारी. पुढचं सुचत नाही. पेन खराब आहे.

२१ मे.

अलिदाला फोन, पेटी कधी न्यायला येऊ? म्हणाली, पेटी कामात आहे. वाऱ्यानं स्वयंपाकघराचं दार आपटायचं आणि तिला ते मधे आलेलं दिसायचं नाही, म्हणून फिर्मिननं दाराला पेटी लावून दिली आहे. वजन अगदी नेमकं आहे म्हणे.

मी विचारलं, दार कुठल्या कोपऱ्याला टेकतं?

तिनं फोन ठेवला.