उद्याच्या बातम्या, मंगळवारी वाचलेल्या

१० नोव्हें. २००७, शनिवार
दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी रेकॉर्डिंग. शाळेला सुट्टी, चॅनलला नाही. नेहमीसारख्या आजच्या आणि उद्याच्या बातम्या एकाच बैठकीत वाचल्या. मध्ये साडी बदलली, टिकली बदलली, झाला रविवार. टेबलाखाली दोन्ही दिवशी तीच रबरी चप्पल.

मालक, म्हणजे आमचे केबलवाले भैयाजी, आज हिशेबी मूडमध्ये. नागपूरची एक मुलगी पूर्णवेळ यायला तयार आहे म्हणे. मग पार्टटाइम मॅडम परवडते की नाही, याची चर्चा माझ्यासमोरच, मी खुर्चीत नसल्यासारखी. "सस्ती तो पड़ती है, पर दो घंटे का आदमी दो घंटे का ही सोचता है." सुरेशभाऊ (कॅमेरा, एडिटिंग, कूलरची दुरुस्ती, सगळं तेच) म्हणाले, "पण चेहरा तं दिवसभर चालते ना जी!" भै. हसले. मीही हसले.

हे काम सुटलं तर? शाळेत मी नुसती एक शिक्षणसेविका. इथे बाजारात लोक वळून बघतात, आणि मला ते आवडतं. लिहून टाकलं एकदाचं.

१३ नोव्हें., मंगळवार
आजच्या आणि उद्याच्या वाचल्या. उद्या कामठ्याची मंडई, म्हणजे माझ्या शाळेच्या गावची जत्रा. भाऊबीज झाली की एकेका गावाच्या मंडईचा दिवस ठरलेला. घरोघरी पाहुणे, दंडारीचं नाटक, खाऊची दुकानं, पाळणे. दरवर्षी तेच. म्हणून आम्ही मंडईची बातमी आदल्या दिवशीच "उत्साहात पार पडली" करून ठेवतो. तीन वर्षांत एकदाही अंगलट आली नाही.

भै.नी दिलेला कागद अगदी कोरडा, दोन ओळींचा. नागपूरच्या मुलीची भीती असेल, मी माझ्या हातानं भर घातली. "आकाशपाळण्यावर बालगोपाळांनी मनमुराद आनंद लुटला. पाळण्याजवळ सुरक्षेची चोख व्यवस्था होती." शेवटी "कामठ्याहून, मी वैशाली" असंही म्हटलं. बसले होते स्टुडिओत, मागे निळा पडदा.
भै. खूष. "अब आया ना वज़न!"

१४ नोव्हें., बुधवार
आधी घडलं तसं लिहून काढते.

साडेचारला मोठ्या गुरुजींचा, आमच्या मुख्याध्यापकांचा, फोन. मंडईत आकाशपाळण्याची एक पेटी सुटली. तीन पोरांना खरचटलं. माझ्या पाचवीतली दुर्गा खाली पडली, पाय मोडला, गोंदियाला आणतायत.

पहिला विचार दुर्गाचा नाही आला. पहिला विचार आला सात वाजताच्या बातम्यांचा. देवा.

भै. रायपूरला, फोन बंद. सुरेशभाऊ सासुरवाडीच्या मंडईला, तिथे रेंज नाही. शेवटी नवऱ्याला बोलावलं, प्रकाशने मिलमधून येऊन मला गाडीवर बसवलं. कुडव्याच्या घरून स्टुडिओपर्यंत मी फोन लावत राहिले. शटरला कुलूप. आत बातम्या लावणाऱ्या मशीनचा पंखा चालू, ऐकू येत होता. वेळ लावून ठेवलेली, सात वाजता ती आपली आपण सुरू होते. प्रकाशने कुलूप दोनदा ओढून पाहिलं. फोडू का म्हणाला. मी नको म्हटलं. फोडायला हवं होतं.

समोरच्या पानठेल्यावर छोटा टीव्ही. सात वाजले आणि मी त्यात आले. हसरी. पिवळी साडी. पानवाला खुशीत, "अरे मॅडम, आप इधर भी, उधर भी!" मी ओढणी तोंडावर घेतली. "चोख व्यवस्था" म्हणताना मी मान किती छान हलवली होती.

१५ नोव्हें., गुरुवार
सकाळी आठला तीच बातमी पुन्हा लागली. नऊला सुरेशभाऊ परत आले तेव्हा कुठे निघाली.

दुर्गाच्या मामाचा फोन. नंबर कोणी दिला माहीत नाही.
"आमची पोरगी दवाखान्यात कन्हून राह्यली अन् तुमी टीव्हीवर हासून हासून मजा सांगता? तुमी होत्या ना तिथी? मंग पाळणा पाह्यला नाही कायले?"
"मी तिथे नव्हते" एवढं म्हणायचं होतं. म्हटलं, "आवाज येत नाहीये," आणि फोन ठेवला. आवाज चांगला येत होता.

भै. रायपूरहून: "शांत रहो. दो दिन में सब भूल जाते हैं. आज रिकॉर्डिंग पे मत आना."

१७ नोव्हें., शनिवार
विसरले नाहीत. उलट झालं.

सुरेशभाऊ संध्याकाळी घरी आले, चहासुद्धा घेतला नाही. पाळणेवाला काल भै.कडून बुधवारच्या बातम्यांची सीडी घेऊन गेला. पोलीस ठाण्यात त्यानं सांगितलंय, पाळणा ठणठणीत होता, पोरगीच बंद पाळण्यावर चढली. पुरावा? टीव्हीवाल्या मॅडम हजर होत्या, त्यांनीच चोख व्यवस्था म्हटलं, लावून पाहा.

म्हणजे मी साक्षीदार. जे पाहिलंच नाही त्याची. आणि दुर्गाच्या विरुद्ध.

लगेच भै.ना फोन लावला. म्हटलं, रेकॉर्डिंग आदल्या दिवशीचं होतं एवढं सांगा ना तुम्ही. "मॅडम, फिर चॅनल पे कौन भरोसा करेगा? और वो दो लाइन तो आपने ही जोड़ी थी." खरं आहे. मग आवाज अगदी मऊ करून: "मुझसे पूछेंगे तो बोलना पड़ेगा, पार्ट-टाइम है, अपनी मर्ज़ी से बोल गई."

परवडते की नाही म्हणत होते. दोन तासांच्या मानधनात चेहरा मिळाला, आवाज मिळाला, आणि वेळ आली की दोष टाकायला माणूसही तोच. याहून स्वस्त काय मिळणार होतं त्यांना? पूर्णवेळ माणसाला असं झटकता येत नाही. राग येतोय, पण रागाच्या खाली नुसती भीती आहे.

१८ नोव्हें., रविवार
प्रकाशशी बोलले. तो समजूतदार आहे, म्हणून जास्त भीती वाटली.
"जूनमध्ये तुझी तीन वर्षं होतात. मग तू कायम. चॅनलवर वाचायची परवानगी घेतली होतीस शाळेकडून?"
नाही. गुरुजी रोज बघायचे, कौतुक करायचे, कागद कधी झालाच नाही.
"मग गप बस. तुला कोणी विचारलं नाही अजून. दोन घंट्याच्या कामापायी जन्माची नोकरी घालवतेस का?"
तो बरोबर बोलतोय. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

२० नोव्हें., मंगळवार
रेकॉर्डिंगचा निरोप नाही. टीव्ही लावला नाही.
फुलचूरला मावशीकडे निघाले होते, अर्ध्यातून परत. सिग्नलला एक बाई माझ्याकडे बघून शेजारणीला काहीतरी म्हणाली. कदाचित साडीबद्दल असेल.
दुपारी दारासमोर जीप थांबली. मी मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले, दाराआड, लहान मुलासारखी. शेजाऱ्यांकडे गॅसवाला आला होता.

२१ बुध.
सोमवारी शाळा उघडते. पाच दिवस.

२३ नोव्हें., शुक्रवार
गेले एकदाची दवाखान्यात. जिन्यावर दोनदा थांबले, दोनदा परत वळले. एका नर्सनं विचारलं, "चक्कर येते का?" म्हणून वर गेले.

दुर्गाचा पाय वर टांगलेला. आई उशाशी. मला बघून उठली, स्टूल पुढे सरकवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वडील भिंतीकडे बघत बोलले, "पाळणेवाला म्हणते, पोरगीच चढली. मी कवापासून सांगून राह्यलो का तिकीट काढलं होतं. पोलीस म्हणते, टीव्हीवर तसं आलं नाही."

मी संत्री ठेवली. पिशवीची गाठ सुटेना.

दुर्गा माझ्याकडेच बघत होती. तिला राग नव्हता. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी मंडईत होत्या ना? मी पडली तवा तुमाले हाका मारल्या. मॅडम, मॅडम करून. तुमी कायले नाही आल्या?"

मी म्हटलं, "मी नव्हते गं तिथे. मी घरी होते."
"टीव्हीवर तं होत्या."
"ते... आधीच वाचलं होतं बेटा."
तिला कळलं नाही. तिनं आईकडे पाहिलं. आईला कळलं. वडिलांनाही. वडिलांनी पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानं मी आजवर कशालाच भ्याले नाही इतकी भ्याले.

पडली तेव्हा तिला मी आठवले. आईच्या आधी की नंतर माहीत नाही. हाका मारत होती आणि मी कुडव्यात भांडी घासत होते.

२५ नोव्हें., रविवार
लिहिलं. फुलस्केपवर चार ओळी. मी १४ तारखेला कामठ्याच्या मंडईत हजर नव्हते. ती बातमी १३ तारखेला दुपारी स्टुडिओत वाचून ठेवली होती. पाळण्याबद्दलची वाक्यं मी स्वतः, काहीही न बघता घातली. पाळणा मी पाहिलेला नाही.
खाली सही. पूर्ण नाव. तीन कागद फाडले, चौथा राहिला.

प्रकाशनं वाचला. म्हणाला, "ठाण्यात नेण्याआधी गुरुजींना दाखव. त्यांना बाहेरून कळू नये." एवढंच. जेवला नाही. मीही नाही.

भै.चा मिस्ड कॉल, चार वेळा. कोणीतरी दवाखान्यातलं सांगितलं असणार.

२६ नोव्हें., सोमवार. शाळेत.
पाचवीला शुद्धलेखन घातलंय, त्यांच्याबरोबर मीही लिहितेय, म्हणजे वर बघावं लागत नाही.

स्टँडवर तीन-चार माणसं होती. कोणी नमस्कार केला नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "आली काय, टीव्हीवाली."

गुरुजींनी कागद उभ्यानंच वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा. चष्मा काढला.
"मॅडम, काऊन लिवलं हे?"
मी म्हटलं, खरं आहे म्हणून.
"खरं आहे ते मले समजते. पण हे ठाण्यात गेलं का झेडपीत जाते. झेडपी मले विचारन, बाई बिना परवानगीच्या बाहेर काम करत होती, तुमी काय पाहून राह्यले होते? मले तुमचंच नाव लिहा लागन. जून राह्यला सहा महिने." चष्मा पुसला. "दुर्गाचा बाप सकाळी येऊन गेला. त्यानं काही म्हटलं नाही. ओट्यावर बसला अन् गेला."
मग कागद टेबलावर सपाट केला, वर डस्टर ठेवलं.
"मधल्या सुट्टीपर्यंत हा माह्या इथी आहे. वापस पाहिजे असन तं घेऊन जा, मी पाह्यलाच नाही. नाही तं जावक रजिस्टरमंदी चढवतो अन् मीच येतो तुमच्यासंगं ठाण्यात."

चांगला माणूस आहे. म्हणूनच अवघड आहे. दरवाजा उघडा ठेवला त्यांनी आणि मला तो दिसतोय, सारखा. उठायचं, कागद घ्यायचा, पर्समध्ये टाकायचा. दहा पावलं. भै.ही गप, झेडपीही गप, जूनमध्ये कायम. दुर्गाचा बाप ओट्यावर बसेल आणि जाईल.

पर्समध्ये फोन थरथरतोय. भै. असणार.

पुढच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "मॅडम, दुर्गा कवा येईन?" प्लास्टर निघालं की, म्हटलं. "ती खरंच बंद पाळण्यावर चढली होती जी? आमच्या घरी म्हणून राह्यले."
सगळा वर्ग लिहायचा थांबला. मी म्हटलं, लिहा, लिहा. आणि मीही लिहिते आहे, हे.

घंटा झाली. मुलं पळाली. गुरुजी कागद घेऊन व्हरांड्यात आलेत, घडी न घालता, कोणालाही वाचता येईल असा. माझ्याकडे बघतायत. पर्स इथेच टेबलात ठेवते, कागद जावकला चढवा म्हणून सांगते. उठते.