आतला आकडा

बाबा, मागच्या आठवड्यात अकोल्याला जाऊन तो फोनो पाहून आले. ग्रामोफोनला तुम्ही फोनोच म्हणायचे. संत्र्याच्या व्यापाऱ्यांचा, सागवानी पेटीचा, ज्याच्यानंतर तुम्ही दुसरा फोनो कधी उघडला नाही. व्यापारीही आता नाहीत. त्यांच्या सुनेने मला बोलावलं होतं, कारण जुन्या फोनोवरच्या खुणा वाचून तो कुठल्या कारखान्यातला, साधारण कधीचा, हे सांगणारी बाई म्हणून आताशा चार लोक मला ओळखतात. मी कोणाची मुलगी, हे तिला माहीत नव्हतं.

ही वाचायची सवय तुमचीच. सकाळी झेंडू आणि शेवंती अमरावतीच्या बाजारात देऊन आलात की जेवून तुम्ही मळ्यातल्या टिनाच्या खोलीत लोकांचे फोनो दुरुस्त करत बसायचे, आणि मी कॉलेजातून आले की फोनोवरची पितळी पट्टी पुढे करायचे. "हे काय लिहून हाय, वाच बरं बाई." मी वाचायचे, तुम्ही मान हलवायचे. तुमच्या बोटांना झेंडूचा आणि मशीनच्या तेलाचा मिळून एक वास असायचा. तो मला तेव्हा आवडत नसे.

त्या दुपारी व्यापारी दुरुस्त फोनो न्यायला आलेत. बाजेवर बसून चहा पितात. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि त्यांच्यासमोर हुशारी दाखवायची संधी मला सोडवत नाही. बाहेरच्या पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचते, 4114. मग तुम्ही नुकतीच बसवलेली फळी उचलून आत मोटरवर पाहते. तिथे 8998.

"आकडे जुळत नाहीत," मी म्हणते. "ही मोटर या फोनोची नाही."

व्यापाऱ्यांनी कप खाली ठेवला. "काऊन गा फुलवाले? माह्या बापाची मोटर कोनाच्या फोनोत बसवली?"

"नाही जी. थो आकडा तं मी..." तुम्ही उठलात. "पाहू दे मले, बाई."

आणि मी म्हटलं, "राहू द्या, बाबा. इंग्रजी आकडा आहे, तुम्हाला नाही समजायचा."

तुम्ही पुन्हा खाली बसलात. त्या आठवड्यात आणखी दोन फोनो खोलीत उघडे पडले होते, त्यांच्याकडे पाहत राहिलात. "मंग माह्याच हातून बदलली असंन," म्हणालात. व्यापारी पेटी उचलून गेले. रात्री जेवताना तुम्ही आईला सांगत होते, "कंपनीचा नंबर आतमंदी बी असते, मले मालूमच नोतं. इतके वर्सं अंदाजानंच करून राहिलो." उरलेले दोन्ही फोनो तुम्ही होते तसेच परत केले. माझ्या त्या दिवसाच्या डायरीत एकच ओळ आहे: आज बाबांची चूक पकडली.

अकोल्यात सुनेने फळी काढून दिली. आत गंज होता, तो कापडाने पुसला. खरं सांगते, पहिल्यांदा मी पुन्हा 8998च वाचलं. मग टॉर्च तिरपा धरला. कारखान्यातला आकडा ठशाने ठोकलेला असतो, सगळे अंक एका उंचीचे. हे मी लोकांना शिकवते. हा आकडा खिळ्याने कोरलेला होता, वरखाली, आणि पहिल्या अंकाचं डोकं पूर्ण मिटलेलं नव्हतं. तो आठ नव्हता. तो आपला चार होता, मराठी चार. आणि त्याच्या पुढचा, ज्याला मी नऊ म्हटलं, तो आपला एक. ४११४. फुलांच्या करंड्यांवर तुम्ही खडूने असाच चार काढायचे.

मोटर बाहेर काढली की दुसऱ्या फोनोच्या मोटरशी मिसळू नये म्हणून पट्टीवरचा आकडा तुम्ही तिच्यावर आपल्या अक्षरात उतरवत होते. इंग्रजी अक्षरं नसतील, पण इंग्रजी आकडे तुम्हाला वाचता येत होते, बाबा. मला मराठी आले नाहीत. तुम्ही उठला होतात तेव्हा हेच सांगणार होतात. मी ऐकून घेतलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण तुम्ही तरी माझं का खरं मानलं? तुमच्या हातापेक्षा माझ्या कॉलेजवर इतका विश्वास का ठेवला? हा प्रश्न मी मनात सारखा विचारते, आणि मग लक्षात येतं की दोष पुन्हा तुमच्याचकडे सरकवते आहे.

सून म्हणाली, "आमचे मामंजी शेवटपर्यंत म्हनत, अमरावतीच्या फुलवाल्यानं मोटर बदलली."

"नाही बदलली," मी म्हटलं. "मोटर मूळचीच आहे. लिहून देते." आणि तिथेच कागदावर लिहून, सही करून दिलं. आकडा बोट ठेवून दाखवला. तिने वाकून दोनदा वाचला, हसली. "अवो, हा तं मराठी आकडा हाय! कोनी कोरला असंन, ताई?"

हे पत्र त्या जुन्या डायरीत, त्याच ओळीच्या पानात ठेवते आहे. म्हणून एवढं तरी खरं लिहिलं पाहिजे. मी फळी बसवता बसवता, तिच्याकडे न पाहता म्हटलं, असेल कोणी कारागीर.