रीळ पक्कं बसलं

२ नोव्हें., रवि.
बाबा खडकवासल्याहून छातीपर्यंत भिजून आले. गळाला मासा लागला आणि काठीवरून दोरीचं रीळच सुटून पाण्यात पडलं. त्याच्यामागे आत गेले. त्यांना पोहता येत नाही!
मी खूप बोलले. ते केस पुसत एवढंच म्हणाले, "मिळालं ना? मग झालं."
काठी साहेबांची. बाबांनी इतकी वर्षं त्यांची गाडी चालवली, गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर फेकायला त्यांनीच शिकवलं. साहेब गेल्यावर बाईंनी काठी बाबांना दिली. रीळ मात्र जुन्या बाजारातलं. दोघांचं जमत नाही. नोकरी संपल्यापासून बाबांना रविवार सोडून आठवड्यात काही नाही, म्हणून जाऊ नका म्हणवत नाही.
पण रीळ नीट बसवता येईल. त्यात अवघड काय आहे?

४ नोव्हें., मंगळ.
क्लासवरून आल्यावर बघितलं. मुठीखाली दोन टोप्या, एक पक्की, एक सरकती. रिळाच्या बुडाची पट्टी दोघींत अडकवायची आणि मागून रिंग आवळायची. पट्टी पातळ आहे, म्हणून डुगडुगतं. बाबांनी वर सुताचा दोरा गुंडाळला होता, तो भिजला की सैल. काळी टेप लावून पाहिली. संध्याकाळपर्यंत घसरली.
बी.एस्सी. झाल्याचा काहीतरी उपयोग व्हावा.

६ नोव्हें., गुरु.
बिबवेवाडीला रशीदचाचांच्या वर्कशॉपमध्ये. बाबांचे जुने दोस्त, पण आधी टोमणा, मग काम.
"घरात ग्रॅज्युएट मुलगी, आणि रिळाला इलेक्ट्रिकची टेप?"
मी कागदावर काढून नेलं होतं: पट्टीखाली पितळेची बाकदार चकती, म्हणजे फट भरेल. आणि रिंग एक नको, दोन. दुसरी पहिलीवर आवळली की पहिली मागे फिरत नाही. चाचांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "बरोबर आहे. चहा घे."
शनिवारी देणार.

८ नोव्हें., शनि.
बसलं! काठी उलटी धरून झटकली, हलत नाही. बाबांना नियम घालून दिला: निघण्यापूर्वी दोन्ही रिंगा पिळून बघायच्या, दर वेळी. "बरं, मास्तरीणबाई."
आता काही झालं तरी सुटणार नाही.

९ नोव्हें., रवि.
बाबा पुन्हा भिजलेले. कमरेपर्यंत.
रीळ जागच्या जागी, घट्ट. पण रिळात चिखल, मुठीवर चिखल.
"काय झालं?"
"निसटलं."
"रीळ?"
"अगं, काठी. ओल्या हातातून."
हात ओले तर दर रविवारी असतात.

११ नोव्हें., मंगळ.
सकाळी आई बाबांच्या शर्टाची बटणं लावत होती. हे मी दिवाळीपासून बघतेय. गंमत वाटायची, या वयात लाड म्हणून. आज बाबांचा उजवा हात बघितला. नुसता लोंबत होता.
दुपारी बाबांच्या हातून कप फुटला. आईने कसा ते न विचारता काचा भरल्या. तिला माहीत आहे.

१२ नोव्हें., बुध.
विचारलं. "मुंग्या येतात. वयाने होतं." कधीपासून? चष्मा शोधायला उठले.
म्हणजे रीळ सैल होतं हे खरं, पण पकडही गेलेली. मी पट्टी मोजत बसले.
डॉक्टरांचा विषय काढला की पेपर वर. शेवटी आईच म्हणाली, "अहो, पोरीसाठी तरी." सोमवारी जायचं कबूल झालं. रविवार मात्र सोडणार नाहीत.

१५ नोव्हें., शनि.
दुपारी क्लास बुडवून खडकवासल्याला गेले, बाबा उभे राहतात ती जागा बघायला. धरण भरलेलं, काठ ओळखू येत नाही. म्हशी धुणाऱ्या एका बाईंना विचारलं.
"ते पिसंवाले काका? लई आत जात्यात. सांगा त्यास्नी. हितं पाण्याखाली जुना रस्ता हाय, त्यावर उभं ऱ्हात्यात. पुढं रस्ता तुटलाय. एकदम खोल हाय."
पाणी अगदी शांत होतं. मी खडा टाकून पाहिला. कशासाठी, कोण जाणे.

संध्याकाळी, घरी.
सांगितलं. "मला माहीत आहे ती जागा," बाबा म्हणाले. मग खुशीत काठी दाखवली. काठीच्या मुठीला नायलॉनची दोरी बांधलीय, दुसऱ्या टोकाला फास, डाव्या मनगटात घालायला.
"आता हातातून गेली तरी जाणार नाही. बघ, तुझंच डोकं पुढे चालवलं."
मोठा मासा लागला तर ओढ रिळाला, रिळाची काठीला, काठीची मनगटाला. मधे सुटण्यासारखं काहीच ठेवलं नाही मी. आणि तो उजवा हात फास काढू शकत नाही.
म्हटलं, दोरी सोडा. "मग काठी जाईल." काठी गेली तर जाऊ दे, असं मी म्हणाले, तर बाबा माझ्याकडे असे बघत राहिले की...
आई म्हणते, "सोमवारी डॉक्टर सांगतील तेव्हा ऐकतील. एकाच रविवारचा प्रश्न आहे."
गाठ सुटेना, साहेबांनी शिकवलेली आहे. कापली तर नवी बांधतील. ते जेवायला बसले तेव्हा दोन्ही रिंगा सैल केल्या. चकती काढून माझ्या पर्समध्ये ठेवली. ओढ बसली की रीळ निघेल, माशाबरोबर जाईल. काठी दोरीसकट मनगटाला राहील, राहू दे. बाबा काठावर राहतील.
की रिळामागे जातील? त्या दिवशी गेलेच होते.

१६ नोव्हें., रवि.
पहाटे जाग आली ती आवाजाने. कर्र, कर्र. बाबा ओट्याशी उभे राहून रिंगा पिळत होते, डाव्या हाताने, दात ओठावर. मी शिकवलं तसं. "सैल झाल्या होत्या गं. आणि तुझी चकती पडली कुठेतरी. असू दे, सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलाय. तुझ्या चकतीपेक्षा पक्कं बसलं."
मी उठून दारात उभी राहिले. "आज नको, बाबा."
"उद्या तुझा डॉक्टर. आज माझा रविवार."
लुना गेली.
एरवी न्याहारीपर्यंत येतात. पोहे झाकून ठेवले होते, ते गार झाले, आईने खाल्ले. मी चपला घालूनच हे लिहितेय, बस मिळेल ती धरते.
आई पाट्यावर मसाला वाटतेय. म्हणाली, "इतका उशीर म्हणजे आज मोठा लागलाय."